विश्लेषण : ‘रश’, ‘बिड’, ‘प्लेज’, ‘हेझिंग’... अमेरिकी कॉलेजांतील ‘ग्रीक लाइफ’ची भाषा काय सांगते?

ऑगस्ट उजाडला की समाजमाध्यमांवर अमेरिकेतील एका विशिष्ट प्रकारच्या चित्रफिती फिरू लागतात. एकसारखे टी-शर्ट घातलेल्या पन्नास-साठ मुली उंच खांबांच्या प्रशस्त घराच्या दारात उभ्या राहून टाळ्यांच्या तालावर गाणी म्हणतात. दुसऱ्या चित्रफितीत एखादी अठरा वर्षांची मुलगी आज कोणता ड्रेस, कोणते कानातले घातले ते सांगते आणि ‘आज प्रेफ आहे, उद्या बिड डे’ म्हणून निरोप घेते. २०२१मध्ये अलाबामा विद्यापीठातील अशा टिकटॉक चित्रफिती जगभर पाहिल्या गेल्या आणि ‘बामा रश’ हा शब्द रूढ झाला. बाहेरून हा सगळा हौसेचा मामला वाटतो. पण या शब्दांपैकी काहींमागे पैशांची बांधिलकी आहे, काहींमागे वर्षभराचा करार आहे आणि काहींमागे जीवही गेले आहेत. पदवी शिक्षणासाठी अमेरिकेत जाणाऱ्या मराठी मुलामुलींच्या कानावर हे शब्द पहिल्या काही आठवड्यांतच पडतात. म्हणून त्यांचा नेमका अर्थ समजून घेतलेला बरा.

‘ग्रीक लाइफ’चा ग्रीसशी संबंध काय?

देशाशी काही नाही, संबंध आहे तो लिपीशी. या संघटनांची नावे दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांची असतात आणि ती अक्षरे बहुतेकदा एखाद्या ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरे असतात. म्हणून त्यांच्या एकूण विश्वाला ‘ग्रीक लाइफ’ आणि सदस्यांना ‘ग्रीक्स’ म्हणतात. ‘फ्रॅटर’ म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ आणि ‘सोरॉर’ म्हणजे बहीण. त्यावरून मुलांची ती फ्रॅटर्निटी आणि मुलींची ती सोरॉरिटी. अमेरिकी उच्चारात अक्षरे फाय, पाय, साय, काय अशी ऐकू येतात. त्यामुळे कोणी ‘सिग्मा काय’ म्हणाले तर तो प्रश्न नसून एका जुन्या फ्रॅटर्निटीचे नाव असते.

‘लेटर्स’ हा शब्द याच अक्षरांसाठी. ‘तिने लेटर्स घातली आहेत’ म्हणजे संघटनेचे नाव छापलेला टी-शर्ट घातला आहे. लेटर्स घालून कुठे जायचे, काय करायचे नाही, याचे नियम असतात. ‘फ्रॅट’ हे लघुरूप सर्रास वापरले जात असले तरी अनेक सदस्यांना ते रुचत नाही.

ही प्रथा सुरू कधी झाली?

पहिली ग्रीक अक्षरांची विद्यार्थी संघटना ‘फाय बीटा कॅपा’. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यानंतर पाच महिन्यांनी, ती स्थापन झाली. गुप्त शपथ, खुणेचे हस्तांदोलन, बोधवाक्य, पदक असा सारा सरंजाम तिच्यात होता. पुढे तिने गुप्तता सोडली आणि आज ती गुणवंतांचा सन्मान करणारी संस्था आहे. आजच्या अर्थाने फ्रॅटर्निटी म्हणता येतील अशा संघटना न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात निघाल्या. १८२५मध्ये कॅपा अल्फा आणि १८२७मध्ये सिग्मा फाय व डेल्टा फाय.

स्त्रियांना कॉलेजे खुली होऊ लागली तशा त्यांच्याही संघटना निघाल्या. कॅपा अल्फा थीटा आणि कॅपा कॅपा गॅमा या दोन्ही १८७०च्या. त्या स्वतःला ‘स्त्रियांची फ्रॅटर्निटी’च म्हणवत. ‘सोरॉरिटी’ हा शब्द नंतरचा. सिराक्यूज विद्यापीठात १८७४मध्ये स्थापन झालेल्या गॅमा फाय बीटासाठी तिथले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी तो सुचवला, असे मानले जाते.

चॅप्टर, नॅशनल, हाऊस, कौन्सिल... ही रचना कशी असते?

‘चॅप्टर’ म्हणजे एका कॉलेजातील शाखा. एकाच फ्रॅटर्निटीचे देशभर शंभरावर चॅप्टर असू शकतात. त्या सर्वांचे मुख्यालय म्हणजे ‘नॅशनल्स’. चॅप्टरला मान्यता देणे, विमा उतरवणे, शिस्तभंग झाल्यास सनद काढून घेणे हे मुख्यालयाचे काम. विद्यापीठाचीही स्वतंत्र मान्यता लागते. ती काढून घेतली की चॅप्टर ‘ऑफ कॅम्पस’ गेला असे म्हणतात. मात्र मान्यता गेली म्हणून तिथली मुले एकत्र राहणे आणि नवे सदस्य घेणे थांबवतातच असे नाही. त्यामुळे एखादी संघटना विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हा पहिला प्रश्न ठरतो.

‘हाऊस’ या शब्दाचे दोन अर्थ. एक, प्रत्यक्ष घर, जिथे काही सदस्य राहतात आणि बाकीचे जेवायला येतात. दुसरा, खुद्द संघटना. ‘तुझे आवडते हाऊस कोणते?’ या प्रश्नात इमारतीची चौकशी नसते. सर्वच संघटनांकडे घरे नसतात, कृष्णवर्णीय व बहुसांस्कृतिक संघटनांकडे तर ती क्वचितच असतात.

कॅम्पसवरील सर्व संघटना सहसा तीन-चार कौन्सिलांत विभागलेल्या असतात. मुलांच्या पारंपरिक फ्रॅटर्निटींची इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिल, मुलींच्या सोरॉरिटींची पॅनहेलेनिक, ऐतिहासिक कृष्णवर्णीय संघटनांची ‘एनपीएचसी’ आणि लॅटिनो, आशियाई व इतरांची बहुसांस्कृतिक कौन्सिल. सदस्य होण्याची पद्धत, खर्च आणि शब्दही कौन्सिलनुसार बदलतात.

‘रश’मध्ये नेमके काय घडते?

‘रश’ म्हणजे सदस्यभरतीचा हंगाम. अधिकृत शब्द आता ‘रिक्रूटमेंट’ आहे. भाग घेणारी मुलगी ‘पीएनएम’, म्हणजे संभाव्य नवी सदस्य. राष्ट्रीय पॅनहेलेनिक परिषदेत २६ सोरॉरिटी आहेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यांची भरती आठवडाभर फेऱ्या-फेऱ्यांनी चालते. पहिल्या फेरीत सर्व घरांना धावत्या भेटी. मग सामाजिक कामाची माहिती देणारी ‘फिलान्थ्रॉपी’ फेरी, नंतर ‘सिस्टरहुड’ फेरी आणि शेवटी ‘प्रेफरन्स’ अर्थात ‘प्रेफ’. प्रत्येक फेरीनंतर मुली घरांना पसंतिक्रम देतात आणि घरे मुलींना. दोन्ही याद्या संगणकावर जुळवल्या जातात. याला ‘म्युच्युअल सिलेक्शन’ म्हणतात. एखाद्या घराने पुढच्या फेरीला न बोलावणे म्हणजे ‘ड्रॉप’ किंवा ‘कट’. त्याचे कारण सांगितले जात नाही.

अंतिम निमंत्रण म्हणजे ‘बिड’, आणि ते हाती पडण्याचा दिवस ‘बिड डे’. मुलांच्या फ्रॅटर्निटींत हे सारे बरेच सैल असते. ओळखीपाळखी, जेवणे, खेळ आणि मग थेट बिड. भरती संपल्यावर उरलेल्या जागांसाठी अधूनमधून बिड दिली जाते, ती ‘ओपन बिडिंग’.

‘लेगसी’ म्हणजे आई, आजी किंवा बहीण त्याच संघटनेत असलेली उमेदवार. पूर्वी अशा मुलींना झुकते माप मिळे. जुन्या काळी ज्यांना प्रवेशच नव्हता त्यांच्या लेकी-नातींवर यात आपोआप अन्याय होतो, ही टीका वाढल्यावर २०२०नंतर अनेक सोरॉरिटींनी हा नियम रद्द केला. टीकेला आधार होता. अलाबामा विद्यापीठात २०१३मध्ये विद्यार्थ्यांच्याच ‘द क्रिमसन व्हाइट’ या वृत्तपत्राने बातमी दिली की, एका कृष्णवर्णीय गुणवंत उमेदवाराला चॅप्टरमधील मुलींचा पाठिंबा असूनही माजी सदस्यांच्या दबावामुळे नाकारण्यात आले. देशभर गदारोळ झाला आणि त्यानंतरच तिथल्या पारंपरिक सोरॉरिटींची दारे प्रत्यक्षात उघडू लागली.

सही करण्याआधी कोणता शब्द पाहायचा?

‘प्रेफ’ फेरीनंतर मुलींपुढे एक करार येतो. त्याचे लांबलचक नाव आद्याक्षरांनी ‘एमआरएबीए’ असे घेतले जाते. घाईत, भावनेच्या भरात त्यावर सही होते. त्याचा अर्थ असा, की मी लिहिलेल्या घरांपैकी ज्याचे बिड येईल ते मी स्वीकारीन. बिड आल्यावर नाकारले, तर त्या कॅम्पसवरील पॅनहेलेनिक परिषदेच्या दुसऱ्या कोणत्याही सोरॉरिटीत पुढील वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत जाता येत नाही. नको असलेल्या घराचे नाव यादीत लिहायचे की नाही, हा निर्णय म्हणूनच सहीआधीचा असतो.

दुसरा शब्द ‘ड्यूज’, म्हणजे वर्गणी. ती कॉलेजगणिक वेगळी. पहिल्या सत्रात सदस्यत्व शुल्क, दीक्षा शुल्क, बॅजची किंमत, इमारत निधी, जेवणाचे पैसे आणि टी-शर्टांचा न संपणारा खर्च एकत्र येतो. घरात राहायचे असल्यास भाडे वेगळे. सभेला गैरहजेरीचा दंडही काही ठिकाणी असतो. कोणत्या वर्षी घरात राहणे सक्तीचे आहे आणि मध्येच बाहेर पडल्यास किती रक्कम भरावी लागते, हे लेखी मागून घेतलेले चांगले. रुपयांत हिशेब करणाऱ्या घरासाठी ही रक्कम किरकोळ नसते.

‘प्लेज’ कोण आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ कोण?

बिड स्वीकारल्यापासून पूर्ण सदस्य होईपर्यंतचा उमेदवार म्हणजे ‘प्लेज’. एका हंगामातले सारे उमेदवार मिळून ‘प्लेज क्लास’. हा काळ सहसा काही आठवड्यांचा. संघटनेचा इतिहास, बोधवाक्य, संस्थापकांची नावे पाठ करायची आणि मग दीक्षाविधी, ‘इनिशिएशन’. त्यानंतर ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे पूर्ण सदस्य आणि पदवी मिळाल्यावर ‘अ‍ॅलम’, म्हणजे माजी सदस्य. नव्या सदस्याला एक जुना सदस्य मार्गदर्शक म्हणून मिळतो. ते नाते ‘बिग-लिटिल’चे, आपल्याकडच्या थोरल्या-धाकट्या भावंडांसारखे. बिगचा बिग, त्याचा बिग असे करत ‘फॅमिली’ आणि वंशावळही तयार होते. घरापासून दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला परक्या गावात हक्काची माणसे मिळणे, ही या संघटनांची खरी ताकद आहे. नोकरीच्या वेळी माजी सदस्यांच्या ओळखी कामी येतात, हेही खरे.

‘डिव्हाइन नाइन’ म्हणजे काय?

गोऱ्यांच्या संघटनांत प्रवेश नव्हता त्या काळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संघटना उभारल्या. १९०६मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी, तर १९०८मध्ये हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा ही सोरॉरिटी. अशा नऊ संघटना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणून ओळखल्या जातात. मार्टिन ल्यूथर किंग हे पहिलीचे सदस्य, कमला हॅरिस दुसरीच्या. २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीत या संघटनांचे जाळे किती मोठे आहे ते देशाने पाहिले.

त्यांची बोली वेगळी. एकत्र दाखल झालेले उमेदवार म्हणजे ‘लाइन’. उंचीनुसार प्रत्येकाला क्रमांक, पहिला ‘एस’ आणि शेवटचा ‘टेल’. सदस्य होणे म्हणजे ‘क्रॉस’ करणे. नव्या सदस्यांचे जाहीर सादरीकरण म्हणजे ‘प्रोबेट’. रांगेत तालावर चालत केलेला नाच ‘स्ट्रोल’, हातापायांच्या ठोक्यांचा तो ‘स्टेप’. येथे सदस्यत्व कॉलेजपुरते नसून आयुष्यभराचे मानले जाते आणि पदवीनंतरही सदस्य होता येते.

हीच शब्दावली पुढे दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या संघटनांनी उचलली. १९९४मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे आयोटा न्यू डेल्टा, १९९८मध्ये टेक्ससमधील ऑस्टिन येथे डेल्टा एप्सिलॉन साय आणि त्याच वर्षी ह्यूस्टन येथे डेल्टा फाय ओमेगा ही सोरॉरिटी स्थापन झाली. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या भारतीय कुटुंबांची मुले तोवर कॉलेजवयात आली होती. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतील मुलामुलींना ‘लाइन’ आणि ‘क्रॉसिंग’ हे शब्द भेटतात ते बहुधा याच वाटेने.

‘हेझिंग’ आणि आपले ‘रॅगिंग’ एकच का?

दोन्हींत छळ आहे, पण एक महत्त्वाचा फरक आहे. रॅगिंग वसतिगृहात किंवा वर्गात आलेल्या कोणाचेही होते, त्याला काही मागायचे नसते. हेझिंग ही सदस्यत्वाची किंमत म्हणून वसूल केली जाते. मुलगा स्वतःहून आलेला असतो, त्याला आत जायचे असते, म्हणून तो ‘नाही’ म्हणत नाही. उद्या पुढच्या तुकडीकडून तो तेच वसूल करतो. नेमक्या याच ‘स्वखुशी’च्या आड हा प्रकार दीर्घकाळ लपला.

फेब्रुवारी २०१७मध्ये पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठातील बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात १९ वर्षांच्या नव्या सदस्याला अल्पावधीत भरपूर दारू पाजण्यात आली. तो तळघराच्या जिन्यावरून कोसळला. सोबतच्यांनी सुमारे बारा तास मदत बोलावली नाही. दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. मार्च २०२१मध्ये ओहायोतील बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात २० वर्षांचा विद्यार्थी ‘बिग-लिटिल’च्या कार्यक्रमात दारूची बाटली संपवल्यानंतर दगावला. त्याआधी डिसेंबर २०१३मध्ये पाय डेल्टा साय या आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटीच्या सहलीत, डोळे बांधून धक्काबुक्की करण्याच्या ‘विधी’त न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजच्या विद्यार्थ्याचा जीव गेला. पेन्सिल्वेनियातील न्यायालयाने त्यात खुद्द फ्रॅटर्निटीला दोषी ठरवून राज्यात दहा वर्षे बंदी घातली. ‘आपल्यासारख्यांची’ संघटना आहे म्हणून धोका नाही, हा समज या प्रकरणाने खोटा ठरवला.

नाव बदलले की प्रथा बदलते का?

गेल्या काही दशकांत या जगाने बरेच शब्द बदलले. ‘रश’चे ‘रिक्रूटमेंट’ झाले, ‘प्लेज’चा ‘न्यू मेंबर’, ‘प्लेज मास्टर’चा ‘न्यू मेंबर एज्युकेटर’. दीक्षेआधीचा छळाचा आठवडा ‘हेल वीक’ म्हणून ओळखला जाई, त्याचा अनेक ठिकाणी ‘आय-वीक’ झाला. काही बदल केवळ नावापुरते नव्हते. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या फ्रॅटर्निटीने मार्च २०१४मध्ये उमेदवारीचा काळच रद्द केला आणि बिड स्वीकारल्यावर ९६ तासांत पूर्ण सदस्यत्व देण्याचा नियम आणला.

पण उलटा अनुभवही आहे. ‘डिव्हाइन नाइन’ संघटनांनी १९९०मध्ये ‘प्लेजिंग’ अधिकृतपणे बंद करून ‘इंटेक’ ही कागदोपत्री पद्धत आणली. तेव्हा बोलीत एक नवा शब्द रुजला, ‘पेपर’. नियमानुसार, फक्त अर्ज भरून आलेला सदस्य तो ‘पेपर’. त्याला काही जण कमी लेखतात. नियमाने वागणाऱ्यासाठीच हिणवणारा शब्द तयार होतो, तेव्हा जुनी प्रथा चोरवाटेने चालू आहे असे समजावे. म्हणून नव्या सदस्यांचा कार्यक्रम नेमका किती आठवड्यांचा, कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होतो, हे गोड नावांपेक्षा जास्त सांगून जाते. रात्रीचे बोलावणे, फोन काढून घेणे, ‘बाहेर सांगू नकोस’ ही तंबी, ही धोक्याची लक्षणे.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत हेझिंगविरोधी फौजदारी कायदे राज्यांचे आहेत. पेन स्टेटमधील मृत्यूनंतर पेन्सिल्वेनियाने २०१८मध्ये त्या विद्यार्थ्याच्या नावाचा कायदा केला. त्यात पीडिताची संमती हा बचाव ठरत नाही. मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास तो मोठा गुन्हा ठरतो. ओहायोनेही २०२१मध्ये कायदा कडक केला. केंद्रीय पातळीवर ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट’ २३ डिसेंबर २०२४ रोजी लागू झाला. तो शिक्षा ठरवत नाही, पण कॉलेजांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात देणे आणि दोषी संघटनांची माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक करतो. त्यामुळे संघटनेचा पूर्वेतिहास तपासणे पालकांना मुंबई-पुण्यात बसूनही शक्य होते.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९९९मध्येच रॅगिंगबंदी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, दोषी विद्यार्थ्याला पाच वर्षे अन्यत्र प्रवेशही मिळत नाही. हा कायदा माहीत असलेल्या विद्यार्थ्याने हेझिंगकडे ‘तिकडची मजा’ म्हणून पाहण्याचे कारण नाही.

मराठी विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

२०२३-२४मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पदवीपूर्व शिक्षण घेणारे सुमारे ३६ हजार. एमएससाठी जाणाऱ्यांचा सामाजिक फ्रॅटर्निटींशी फारसा संबंध येत नाही. त्यांना वेगळ्याच ग्रीक अक्षरांचे ईमेल येतात. टाऊ बीटा पाय ही अभियांत्रिकीतील, फाय कॅपा फाय ही सर्व शाखांतील गुणवंतांची ‘ऑनर सोसायटी’. त्यांचा रश किंवा हाऊसशी संबंध नाही, गुणांवर निमंत्रण येते आणि शुल्क भरून सदस्य होता येते. मात्र मिळतीजुळती नावे घेऊन केवळ पैसे मागणारे ईमेलही येतात, तेव्हा आपल्या विभागात चौकशी करून मगच पैसे भरावेत. अल्फा कॅपा साय, थीटा टाऊ अशा ‘प्रोफेशनल’ फ्रॅटर्निटी तिसऱ्या प्रकारच्या. त्या विशिष्ट व्यवसायाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि मुलगे-मुली दोघांना खुल्या असतात.

पदवीसाठी गेलेल्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. अमेरिकेत मद्यपानाचे कायदेशीर वय २१ आहे, तर नवे सदस्य बहुतेक १८-१९ वर्षांचे असतात. आणि विद्यापीठाने निलंबित केले तर पूर्णवेळ नोंदणी तुटून एफ-१ व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. सोबतच्या अमेरिकी मुलासाठी जो प्रकार एका सत्राच्या शिक्षेचा, तो आपल्या मुलासाठी मायदेशी परतण्याचा ठरू शकतो. मात्र कोणी बेशुद्ध पडले असेल तर या भीतीने हात आखडू नये, ९११ला फोन करावा. मदत बोलावणाऱ्याला मद्यपानाच्या किरकोळ गुन्ह्यांतून संरक्षण देणारे कायदे अनेक राज्यांत आहेत. पेन स्टेटमध्ये वेळेत झाली नाही ती हीच एक गोष्ट.